कुपन, ‘सेल’ आणि गृहिणीचे श्रम : अमेरिकेतील किराणा खरेदीचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

‘कुपन’ हा शब्द मराठी वाचकाला अपरिचित नाही. मात्र आपल्याकडे या शब्दाचा पहिला संबंध शिधावाटपाशी जोडला जातो. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले आणि पुढे कित्येक दशके कुपन म्हणजे टंचाईच्या काळात आपल्या वाट्याची वस्तू मिळण्याचा परवाना, हाच अर्थ रूढ राहिला. अमेरिकेत मात्र या शब्दाला एक वेगळा आणि जवळजवळ उलट अर्थ प्राप्त झाला. तेथे कुपन हे टंचाईचे नव्हे, तर विपुलतेचे अपत्य आहे. दुकानात माल भरपूर आहे, एकाच प्रकारच्या वस्तूचे दहा उत्पादक आहेत, आणि त्यांपैकी आपलीच वस्तू ग्राहकाने उचलावी म्हणून उत्पादकाने दिलेली छापील सवलत म्हणजे कुपन होय.

हे कुपन जपून ठेवावे, दुकानात त्याच वस्तूचा ‘सेल’ लागेपर्यंत थांबावे आणि मग दोन्ही सवलती एकाच वेळी पदरात पाडून घ्याव्यात, ही पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील लक्षावधी कुटुंबांच्या घरखर्चाचा भाग बनली. तिच्याकडे सामान्यतः विक्रीकलेचा एक प्रकार किंवा काटकसरी स्त्रियांचा छंद म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात तिच्याकडे श्रमाच्या इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. दोन सवलतींची सांगड घालण्याचे काम कोणी केले, ते शक्य का झाले आणि कंपन्यांनी ते बंद पाडण्याचा प्रयत्न केला तेव्हा काय घडले, हे येथे प्रामुख्याने पाहावयाचे आहे.

कुपनाचा उगम

अटलांटा येथे १८८६ मध्ये तयार झालेल्या कोका-कोला या पेयाच्या फुकट पेल्यासाठी १८८७ च्या सुमारास वाटलेल्या चिठ्ठ्या हे अमेरिकेतील पहिले कुपन मानले जाते. एका पेल्याची किंमत पाच सेंट होती. चिठ्ठी दाखवणाऱ्यास पेला फुकट मिळे आणि विक्रेत्याला त्याची भरपाई कंपनी देई. वस्तू विकणारा एक आणि सवलतीचा भार उचलणारा दुसरा, हे कुपनाचे मूळ सूत्र या पहिल्याच प्रयोगात दिसते.

किराणा मालावरील पहिल्या कुपनाचे श्रेय सी. डब्ल्यू. पोस्ट या न्याहारीच्या तयार धान्यपदार्थांच्या उत्पादकाला दिले जाते. ‘ग्रेप-नट्स’ या पदार्थावर त्याने एक सेंटची सूट दिली. तिचे साल मात्र कोठे १८९५ तर कोठे १९०९ असे सांगितले जाते. ग्रेप-नट्स हा पदार्थच १८९७ मध्ये बाजारात आला असल्यामुळे १८९५ हे साल त्याला लागू पडू शकत नाही. तरीही ते पुस्तकांतून आणि लेखांतून बिनदिक्कत उतरवले जाते. घरखर्चासारख्या ‘किरकोळ’ विषयाच्या इतिहासात साधी सनावळी तपासण्याचे कष्टही फारसे घेतले गेले नाहीत, एवढे यावरून लक्षात यावे.

त्या काळची किराणा दुकाने आपल्या वाण्याच्या दुकानासारखीच होती. ग्राहकाने यादी सांगावी आणि दुकानदाराने फळीवरचा माल काढून द्यावा, अशी रीत होती. ६ सप्टेंबर १९१६ रोजी मेम्फिस येथे क्लॅरेन्स सॉन्डर्स याने ‘पिगली विगली’ हे दुकान उघडले आणि ग्राहकाने स्वतः माल उचलून गल्ल्यापर्यंत न्यावा ही पद्धत सुरू केली. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मायकेल कलन याने ‘किंग कलन’ हे मोठे, स्वस्त दराचे दुकान काढले. ग्राहक फळीसमोर एकटा उभा राहू लागला, तेव्हा दुकानदाराच्या शिफारशीची जागा वेष्टनाने, जाहिरातीने आणि कुपनाने घेतली. दुकानदाराच्या वतीने माल शोधण्याचे आणि वाहून नेण्याचे कामही ग्राहकाकडे, म्हणजे बहुतांशी घरातील स्त्रीकडे, याच काळात सरकले.

याच दशकातील एका वेगळ्या कुपनाचा उल्लेख येथे करणे आवश्यक आहे. महामंदीच्या काळात एकीकडे शेतमाल पडून होता आणि दुसरीकडे बेकार कुटुंबे उपाशी होती. त्यावर उपाय म्हणून १६ मे १९३९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात सरकारने अन्न-मुद्रांकांची योजना सुरू केली. सरकारी मदतीवर असलेल्या कुटुंबाने एक डॉलरचे नारिंगी मुद्रांक विकत घेतले की त्याला पन्नास सेंटचे निळे मुद्रांक फुकट मिळत. निळ्या मुद्रांकांवर फक्त अतिरिक्त ठरवलेला शेतमालच घेता येई. ही राज्यसंस्थेने दिलेली सवलत होती, उत्पादकाने दिलेली नव्हे, आणि म्हणून ती प्रस्तुत विषयाच्या कडेला आहे. परंतु रॉचेस्टर हे नाव वाचकाने ध्यानात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे.

सवलत कोणाच्या खिशातून?

कुपन आणि सेल यांची सांगड का घालता येते, हे समजण्यासाठी तेथील किमतींची रचना पाहणे अगत्याचे आहे. भारतात १९९० पासून वेष्टनबंद वस्तूवर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक झाले. अमेरिकेत अशी सक्ती नाही. उत्पादक दुकानदाराला घाऊक भावाने माल देतो आणि विक्रीची किंमत दुकानदार ठरवतो. त्यामुळे ‘सेल’ हा दुकानदाराचा निर्णय असतो. आठवड्याच्या जाहिरातपत्रकात काही वस्तू तो अतिशय कमी भावाने, प्रसंगी तोटा सोसूनही, विकायला काढतो. त्या वस्तूसाठी दुकानात आलेला ग्राहक इतर चार वस्तू नेहमीच्या भावाने घेईल, हा त्यामागील हिशेब असतो.

कुपनाचा पैसा मात्र उत्पादकाच्या खिशातून येतो. उत्पादकाने दुकानदाराला घाऊक भावात सूट दिली तर ती ग्राहकापर्यंत पोहोचेलच याची शाश्वती नसते. दुकानदार स्वस्तात माल भरून ठेवतो आणि सूट संपल्यावर तोच माल जुन्या भावाने विकतो. कुपन ही दुकानदाराला वळसा घालून थेट ग्राहकाच्या हाती दिलेली सवलत होती. दुकानदार गल्ल्यावर कुपन घेई आणि त्याची दर्शनी रक्कम उत्पादकाकडून वसूल करी. शिवाय हाताळणीचा मोबदला म्हणून त्याला प्रत्येक कुपनामागे काही सेंट मिळत. पुढे हा मोबदला आठ सेंटवर स्थिरावला.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. धुण्याच्या पावडरीचा खोका एरवी चार डॉलरला मिळतो. या आठवड्यात दुकानदाराने तो तीन डॉलरला लावला आहे. ग्राहक स्त्रीकडे उत्पादकाचे पन्नास सेंटचे कुपन आहे आणि हे दुकान कुपनाची रक्कम स्वतःच्या पदरचे पैसे घालून दुप्पट करते. त्यामुळे तो खोका तिला दोन डॉलरला, म्हणजे निम्म्या किमतीत, मिळतो. हे दोन डॉलर तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून वाचले : सेलचा एक डॉलर, उत्पादकाचे पन्नास सेंट आणि दुप्पट करण्यासाठी दुकानाने घातलेले पन्नास सेंट. यांपैकी कोणीही एकट्याने तिला निम्म्या किमतीत पावडर देऊ केली नव्हती. ती निम्मी किंमत तिने स्वतः घडवली होती.

ती घडवण्यासाठी काय करावे लागे? कुपने वृत्तपत्रांतून येत. जॉर्ज व्हॅलासिस याने १९७२ मध्ये केवळ कुपनांची रंगीत सुटी पुरवणी वृत्तपत्रात घालण्याची प्रथा सुरू केली आणि रविवारची सकाळ हा कुपने कापण्याचा वेळ ठरला. कापलेली कुपने वस्तूंच्या वर्गवारीनुसार लाकडी पेटीत किंवा फाइलमध्ये लावायची, मुदत संपलेली काढून टाकायची, आठवड्याचे जाहिरातपत्रक आले की ते पेटीशी पडताळून पाहायचे, कोणत्या दुकानात कुपन दुप्पट होते हे लक्षात ठेवायचे, आणि भाव तळाला गेला की एकाच वेळी सहा खोके घेऊन तळघरात रचून ठेवायचे. हे सर्व एखाद्या गोदामाच्या कारकुनाचे काम आहे. फरक इतकाच की कारकुनाला पगार मिळतो.

गल्ल्यापलीकडेही हे श्रम संपत नव्हते. गोळा झालेली कोट्यवधी कुपने मोजून उत्पादकवार लावण्यासाठी खास केंद्रे निघाली. ए. सी. नील्सन कंपनीने असे केंद्र १९५७ मध्ये काढले. पुढे हे काम मेक्सिकोच्या सीमेवरील शहरांत गेले आणि तेथे कमी वेतनावर काम करणाऱ्या कामगारांनी ही कुपने हाताने निवडली. या कामगारांचा इतिहास हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

महागाईचे दशक

कुपनांचा खरा सुकाळ १९७० च्या दशकात झाला. १९७३ आणि १९७४ या दोन्ही वर्षांत अमेरिकेत घरी शिजवण्याच्या अन्नपदार्थांची भाववाढ पंधरा टक्क्यांच्या आसपास होती. एप्रिल १९७३ च्या पहिल्या आठवड्यात तेथील गृहिणींनी मांसखरेदीवर देशव्यापी बहिष्कार टाकला. अध्यक्ष निक्सन यांनी त्याआधीच काही दिवस मांसाच्या भावावर कमाल मर्यादा जाहीर केली होती. परंतु ज्या पातळीवर भाव गोठवले, त्या पातळीबद्दलच गृहिणींची तक्रार होती.

याच सुमारास मुंबईत काय चालले होते, हे मराठी वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो स्त्रियांना लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आणले. दोन्हीकडे स्त्रियांनी स्वयंपाकघरातील प्रश्न सार्वजनिक केला. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. महाराष्ट्रात ग्राहक चळवळ उभी राहिली. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारच्या काही कुटुंबांनी गट करावा, महिन्याच्या वाणसामानाची मागणी एकत्र नोंदवावी, संस्थेने घाऊक खरेदी करावी आणि माल गटात वाटून घ्यावा, ही मुंबईची पद्धत. येथेही बचतीमागे स्त्रियांचे बिनपगारी श्रम होते, हे नाकारता येणार नाही. पण ते श्रम एकत्र होते आणि त्यातून भावाविषयी बोलण्याची सामूहिक ताकद निर्माण झाली.

अमेरिकेतही ग्राहकांच्या सहकारी संस्था होत्या. तरीही बहिष्काराचा आठवडा संपल्यावर बहुसंख्य कुटुंबांनी उपाय शोधला तो घराच्या चार भिंतींत, कात्रीच्या साहाय्याने. १९७३ मध्येच सुसान सॅमटर या न्यूयॉर्कच्या शिक्षिकेने ‘रिफंडल बंडल’ हे नियतकालिक सुरू केले. वेष्टनाचा तुकडा पाठवल्यास कोणती कंपनी किती पैसे परत करते याची माहिती त्यात असे. कुपने आणि परतावे यांवरील तिचे पुस्तक १९७९ मध्ये आले. अशा प्रकाशनांभोवती कुपनांची अदलाबदल करणाऱ्या स्त्रियांचे पत्रव्यवहाराचे जाळे तयार झाले. बाळ नसलेल्या घरातील बाळाच्या लंगोटांचे कुपन दुसऱ्या राज्यातील मातेकडे जाई आणि तिच्याकडून मांजराच्या खाद्याचे कुपन येई. व्यक्तिगत काटकसरीच्या पोटातच एक लहानशी सहकाराची रीत जन्माला आली होती, असे म्हणता येईल. मात्र भाव काय असावा या प्रश्नाशी तिचा संबंध नव्हता.

याचा लाभ कोणाला झाला? कुपने बहुतेक नाममुद्रेच्या वेष्टनबंद मालावर असत. दूध, भाजी, फळे, मांस यांवर ती क्वचितच मिळत. शिवाय वृत्तपत्र विकत घेण्याची ऐपत, दोन-तीन दुकाने फिरण्यासाठी मोटार, साठवणीसाठी जागा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळ, एवढ्या गोष्टी हाताशी असतील तरच ही पद्धत साधे. त्यामुळे कुपनांचा सर्वाधिक उपयोग अतिगरीब कुटुंबांनी नव्हे, तर मध्यमवर्गाने केला. दुकानाच्या स्वतःच्या नावाने विकला जाणारा साधा माल कित्येकदा कुपन लावलेल्या नामवंत मालापेक्षा स्वस्तच असे, हेही विसरता कामा नये. काटकसरीचा हा मार्ग जाहिरातदारांच्या अंगणातून जात होता.

चक्रवर्ती नरसिंहन यांनी १९८४ मध्ये ‘मार्केटिंग सायन्स’ या नियतकालिकात कुपनांचा किंमतभेदाच्या अंगाने केलेला सिद्धान्त मांडला. एकाच वस्तूसाठी भावाबद्दल जागरूक ग्राहकाकडून कमी आणि बेफिकीर ग्राहकाकडून जास्त किंमत घेण्याचे कुपन हे साधन आहे, असा त्याचा आशय. कोण जागरूक आहे हे उत्पादकाला ठाऊक नसते, परंतु ज्याच्या लेखी वेळेची किंमत कमी तोच कुपन कापतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही मांडणी निर्दोष आहे. तरी प्रस्तुत लेखकाला येथे एक भर घालावीशी वाटते. ज्या स्त्रीचा वेळ ‘स्वस्त’ मानला जातो, तो स्वस्त का झाला, हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि तो सूत्रात मावत नाही.

१९९६ : कुपनाविना प्रयोग

१९९२ मध्ये ही लाट शिखरावर पोहोचली. त्या वर्षी अमेरिकेत सुमारे ३१० अब्ज कुपने वाटली गेली. त्यांपैकी वटली ती अवघी सुमारे ७.७ अब्ज, म्हणजे शेकडा अडीच. उरलेली रद्दीत गेली. घरगुती वस्तूंच्या उत्पादकांतील अग्रणी कंपनी प्रॉक्टर अँड गॅम्बल हिला ही उधळपट्टी मान्य नव्हती. छपाई, वाटप आणि मोजणी यांवरचा खर्च वाचवून सर्वांनाच कायम कमी भावाने माल द्यावा, असे धोरण तिने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी स्वीकारले आणि कुपने हळूहळू कमी केली. १९९६ च्या आरंभी तिने न्यूयॉर्क राज्याच्या बफेलो, रॉचेस्टर आणि सिराक्यूज या शहरांच्या परिसरात कुपने पूर्णपणे बंद करण्याचा प्रयोग हाती घेतला. तो दीड वर्ष चालवण्याचा मानस होता. अन्य काही उत्पादकांनीही त्या भागातील आपली कुपने कमी केली.

सत्तावन्न वर्षांपूर्वी ज्या रॉचेस्टरमध्ये अन्न-मुद्रांक प्रथम वापरले गेले, त्याच शहरात आता लोक कुपनासाठी रस्त्यावर आले. सह्यांच्या मोहिमा निघाल्या, कंपनीच्या मालावर बहिष्काराची आवाहने झाली, लोकप्रतिनिधींनी सार्वजनिक सुनावण्या घेतल्या. कंपनी म्हणत होती की भाव उतरवल्यामुळे ग्राहकाचे नुकसान नाही. हा युक्तिवाद सरासरीच्या हिशेबाने कदाचित खराही असेल. परंतु कुपन कापणारी स्त्री सरासरी ग्राहक नव्हती. सर्वांना मिळणारी थोडी सवलत आणि श्रम करणाऱ्याला मिळणारी मोठी सवलत यांत तिच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक होता. कायम कमी भाव लागला की सेल आणि कुपन यांची सांगड घालण्याची जागाच नाहीशी होते आणि तिने वर्षानुवर्षे मिळवलेले कौशल्य एका दिवसात निरुपयोगी ठरते. कारखाना बंद पडल्यावर कुशल कामगाराची जी भावना होते, तिच्याशी या संतापाचे नाते आहे. म्हणूनच वटणाऱ्या कुपनांचे प्रमाण एवढे अल्प असताना विरोध एवढा तीव्र का झाला, याचे कोडे केवळ पैशांच्या हिशेबाने सुटत नाही.

एप्रिल १९९७ मध्ये कंपनीने प्रयोग मुदतीपूर्वीच गुंडाळला. दरम्यान राज्याचे महाधिवक्ता डेनिस व्हॅको यांनी चौकशी आरंभली होती. कुपने बंद करण्यासाठी कंपन्यांनी परस्परांशी संगनमत केले काय, हा तिचा विषय होता. कंपन्यांनी आरोप मान्य केला नाही. तथापि त्याच वर्षी तडजोड झाली आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल, अन्य काही उत्पादक व एक किराणा साखळी यांनी मिळून ४२ लाख डॉलर देण्याचे कबूल केले. ही भरपाई त्या भागातील ग्राहकांना रोख नव्हे, तर कुपनांच्या रूपाने देण्यात आली.

नंतरची स्थिती

१९९७ नंतर कुपने टिकली, पण त्यांच्या मुदती आखूड होत गेल्या. पूर्वी कित्येक महिने जपता येणारे कुपन आता सेलची वाट पाहण्याआधीच कालबाह्य होऊ लागले. २००८ च्या मंदीनंतर ही पद्धत पुन्हा जोरात आली. कुपनांच्या बळावर गाडाभर सामान नाममात्र पैशांत नेणाऱ्या ग्राहकांवरील ‘एक्स्ट्रीम कुपनिंग’ ही दूरचित्रवाणी मालिका २०११ मध्ये सुरू झाली. तिच्यातील साठेबाजीच्या दृश्यांनी काटकसरीचा तमाशा झाला आणि अनेक दुकानांनी एका खरेदीत किती कुपने चालतील यावर बंधने आणली. बनावट कुपनांचा धंदाही फोफावला. २०१२ मध्ये ॲरिझोना राज्यातील फिनिक्स येथे पोलिसांनी अशा एका टोळीकडून कोट्यवधी डॉलर दर्शनी किमतीची बनावट कुपने जप्त केली.

वृत्तपत्रांचा खप घसरला तशी कागदी कुपनांची जागा मोबाइलमधील डिजिटल सवलतींनी घेतली. कात्री गेली, मात्र सवलत ‘निवडून ठेवण्याचे’ काम राहिले. आता त्यासाठी स्मार्टफोन, इंटरनेट आणि स्वतःच्या खरेदीची माहिती दुकानाला देण्याची तयारी लागते. फळीवर ठळक अक्षरांत लावलेला कमी भाव पाहून वस्तू उचलायची आणि तो भाव फक्त डिजिटल कुपन घेणाऱ्यांसाठी आहे हे गल्ल्यावर कळायचे, अशा तक्रारी विशेषतः वृद्ध ग्राहकांकडून येऊ लागल्या. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहराच्या परिषदेने त्यावर नियम केला. डिजिटल सवलत देणाऱ्या किराणा दुकानाने तीच सवलत, मागणाऱ्या ग्राहकास, कागदावरही द्यावी, असे त्यात म्हटले आहे.